सांगू नकोस

मागच्या दिवाळीतली गोष्ट. मी ओट्याशी अनारसे थापत होते आणि नवरा शेजारी उभा राहून पिठाचे गोळे करून देत होता. तूप तापत आलं होतं. खिडकी अर्धी उघडी ठेवली होती, कारण जरा धूर झाला की आमच्या घरचा अलार्म चार घरं ऐकतील असा बोंबलतो. खसखशीची बशी त्याच्या बाजूला होती. ती त्याने उचलली, आतल्या दाण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही संपत आली. अजून आहे का आपल्याकडे ही..." आणि थांबला. ओठ हलले. डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली जायला लागली. शब्द अगदी जवळ आल्याची त्याची ती खूण आहे. "थांब, सांगू नकोस," तो म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "खसखस."

त्याने बशी खाली ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली. हात धुतले, टॉवेलला पुसले आणि वर निघून गेला. तेवढ्यात कढईतला अनारसा हसला.

आपली भाषाही काय मजेशीर आहे. खसखस पिकते तेव्हा माणसं हसतात आणि अनारसा हसतो तेव्हा करणारीला रडू येतं. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच वाटायचे, गुळात मळून गोळा मुरवत ठेवायचा, आणि एवढं सगळं करून गूळ चिमूटभर जास्त झाला की तुपात पडल्या पडल्या सगळं विरघळून पसरतं. त्या दिवशी एकापाठोपाठ तीन हसले. मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले. बशीतली खसखस पांढरी होती, पण माझ्या डोळ्यांसमोर काळी खसखस आली. इथे केकवर, पावावर घालतात ती. आमच्या घरात ती सात-आठ वर्षं आलेली नाही.

आम्ही अमेरिकेत कनेटिकट राज्यात राहतो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून इकडे आलो तेव्हा तिकडच्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला, भाजी कुठे मिळते? ताजी मेथी आणायची तर पाऊण तास गाडी हाणावी लागते, हे खरं. पण घराच्या मागे झाडी होती, कोण्या जुन्या शेतकऱ्याने रचलेली दगडांची बुटकी भिंत होती आणि सकाळी चहाच्या वेळी हरणं यायची. दोडामार्गात काजूच्या बागेत वाढलेल्या मला ते घर बघताक्षणी आवडलं. पानगळीत ओला-सुका पाला भिंतीशी साचायचा आणि मे-जूनमध्ये बागकाम काढलं की नवरा तो ओढून काढायचा. हाफ पँट, पायांत फ्लोटर्स, कानांत हेडफोन.

त्या पाल्यात गोचीड असते. मोठी मादी तिळाएवढी आणि पिल्लू खसखशीएवढं. लाईम नावाचा रोग माणसाला देण्यात हे पिल्लूच पुढे, कारण ते दिसत नाही, चावलेलं कळत नाही, आणि एका दिवसाहून जास्त काळ चिकटून राहिलं तर आपल्या पोटातले जंतू रक्तात सोडून जाऊ शकतं. हे जंतू त्याला मिळतात ते उंदरांकडून, हरणांकडून नव्हे. हरणं गोचिडीला नुसती पोसतात. आम्ही इतकी वर्षं हरणांना हाकलत होतो आणि उंदीर भिंतीच्या फटींत सुखाने नांदत होते.

गोचीड मला नवी नव्हती. लहानपणी सुट्टीत आमच्या म्हशीच्या कानातल्या टपोऱ्या, राखाडी गोचडी काढायचं काम मुलांकडे असायचं. करवंटीत थोडं रॉकेल घ्यायचं आणि एकेक उपटून आत टाकायची. एखादी चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली की फट् करून फुटायची, त्याची आम्हांला कोण गंमत. इथे गोचीड काढायची म्हणजे चिमट्याने, कातडीला टेकून, सरळ वर ओढून. जाळायची नाही, तेल लावायचं नाही, पिरगाळायची नाही. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गोचीड गे? ती ढोरांका लागता." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडे पण आता माणसा मरतत तेच्यान." २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला, तो गोचिडीचाच. माकडं मरून पडायची आणि काजू वेचायला गेलेल्या बायका तापाने फणफणायच्या. त्या रोगाला नाव मिळालं कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलाचं, आणि आमच्या इथल्याला लाईम या गावाचं. माकडतापाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही, आहे ती शुश्रूषा. लाईमवर मात्र औषध आहे, स्वस्त आहे, वेळेवर दिलं तर बहुतेकांना पुरतं. "मग तुका कसली काळजी?" आईने विचारलं होतं.

वेळेवर दिलं तर.

आमची वेळ चुकली. २०१५च्या जूनमध्ये त्याला चार दिवस ताप आला, अंग मोडून आलं. ऐन उन्हाळ्यात फ्लू कसा, असं मी म्हणाले आणि आलं घालून चहा केला. अंगावर लाईमचा तो प्रसिद्ध लाल चट्टा कुठेच दिसला नाही. दहांतल्या दोन-तीन जणांना तो दिसतच नाही, आणि पाठीवर किंवा केसांत असला तर कोण बघणार. ऑगस्टमध्ये रात्री कंबरेतून मांडीत कळा जायला लागल्या. दिवसा बरा असायचा, पण रात्री दोन वाजता उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. सायटिका झाला, एमआरआय झाला, एक चकती किंचित सरकलेली निघाली. चाळिशीनंतर कुणाची सरकलेली नसते? मग तळव्यांना मुंग्या आल्या आणि रक्तात बी-१२ कमी निघालं. शाकाहारी मराठी माणसाचं बी-१२ कमी निघालं की डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही कसं हायसं वाटतं! इंजेक्शनं सुरू झाली. आकडा वाढला, मुंग्या तशाच. त्यात सहा महिने गेले. बी-१२ खरोखरच कमी होतं, हीच तर पंचाईत. खोटं कारण सापडलं असतं तर लवकर उघडं पडलं असतं.

नंतर शब्द हरवायला लागले. आधी नावं, मग वस्तू. "दाराचं ते दे," म्हणजे किल्ली. रोजच्या रस्त्यावर एकदा चौकात थांबला आणि हिरवा दिवा लागूनही त्याला सुचेना की कुठे वळायचं. मागचे हॉर्न वाजवत होते. घरी येऊन त्याने मला सांगितलं नाही. मला ते कळलं दोन महिन्यांनी, तिसऱ्या न्यूरॉलॉजिस्टसमोर. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो घरामागे काय आहे याचा. त्याने सांगितलं, झाडी, भिंत, पाला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आधी एक रक्तचाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली की दुसरी, तिच्यात १० पट्ट्यांपैकी किमान ५ उमटायला हवेत. याचे ८ उमटले. मग मणक्यातून पाणी काढलं. पोटाशी गुडघे घेऊन, आमच्या लेकीसारखा मुटकुळं करून तो त्या टेबलावर पडला होता आणि मी त्याच्या मोज्यांकडे बघत होते. एक निळा होता आणि एक काळा. त्या पाण्यातही, रक्ताच्या मानाने जास्त, या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. शेवटी आजाराला नाव मिळालं. जानेवारी २०१७. मला आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

ओल्ड लाईम आमच्यापासून गाडीने फार लांब नाही. पांढरं चर्च, चित्रकारांची जुनी घरं, नदीचं रुंद मुख. असल्या गावाचं नाव रोगाला मिळावं! शेजारच्याच लाईममधल्या पॉली मरे या बाईंना १९६०च्या दशकात सांधेदुखी, चट्टे, डोकेदुखी होती, पुढे नवरा आणि मुलंही आजारी. डॉक्टर म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. त्या वहीत लिहून ठेवत गेल्या, कुणाला काय कधी झालं ते. १९७५ साली त्यांनी आणि त्या भागातल्या आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं की एवढ्याशा गावात इतक्या मुलांना संधिवात कसा? येल विद्यापीठातून ॲलन स्टीअर हे तरुण डॉक्टर आले आणि शोध सुरू झाला. खरा जंतू १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात दिसला, मळसूत्रासारखा पिळदार. शोधत होते वेगळंच. मला त्या संशोधकांपेक्षा ती वहीवाली बाईच जास्त आठवते. मीही वही केली होती, डी-मार्टची, भारतातून आणलेली, वर गणपती. "१४ मार्च. रात्री कळ नाही. सकाळी ‘गाळणी’ आठवलं नाही. जेवण नीट."

उपचार होता सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक, रोज २ ग्रॅम शिरेतून, २८ दिवस. पुण्याचा माझा डॉक्टर भाऊ म्हणाला, "अगं, म्हणजे मोनोसेफ! आपल्याकडे टायफॉइडला सर्रास देतात." त्या ओळखीच्या नावाने मला का कोण जाणे धीर आला. दंडातून एक बारीक नळी हृदयाच्या जवळपर्यंत सरकवून ठेवली होती आणि घरी नर्स येऊन मला शिकवून गेली. टोक पंधरा सेकंद घासून पुसायचं. आधी सलाइन, मग औषध, पुन्हा सलाइन, शेवटी नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. रात्री नऊची वेळ ठरली. औषध फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवायचं, म्हणून आठ वाजता ते डायनिंग टेबलवर यायचं, लोणच्याच्या बरणीशेजारी. सलाइन आत गेलं की त्याच्या तोंडात धातूची चव यायची आणि तो बडीशेप मागायचा. अंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळायचं. ते महिनाभर मी इतक्या नेमाने केलं की तेवढी पूजा मी आयुष्यात केली नसेल.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या कळा थांबल्या. तो सलग सहा तास झोपला आणि मी घाबरून त्याचा श्वास बघायला उठले. मुंग्या पुढे उतरत गेल्या, अगदी सावकाश. शब्द मात्र आले नाहीत. २८व्या दिवशी नळी निघाली. याने डॉक्टरांना विचारलं, "मी बरा झालो हे कुठल्या तपासणीत दिसेल?"

अशी तपासणी नाही, ते म्हणाले.

रक्तातली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात. पट्टे तसेच उमटतात. जंतू मेला तरी रक्त त्याची आठवण ठेवतं, आणि ज्याला आठवण ठेवायची त्या डोक्याला गाळणी आठवत नाही. डॉक्टर प्रामाणिक होते, सभ्य होते. म्हणाले, औषधाने त्याचं काम केलं आहे, नसांना झालेली इजा भरून यायला महिने लागतील, कदाचित वर्ष, कदाचित सगळी भरणार नाही. मी विचारलं, आणखी एक महिना दिलं तर? त्यांनी २००१चा अभ्यास सांगितला. महिनाभर शिरेतून आणि दोन महिने गोळ्या दिल्या आणि औषध मिळालेले व खोटं औषध मिळालेले सारखेच राहिले. कोलंबिया विद्यापीठाचा २००८चा सांगितला, नेमका स्मृतीवरचा: ३७ रुग्ण, १० आठवडे शिरेतून औषध. बाराव्या आठवड्यात आकलन सुधारलेलं दिसलं आणि चोविसाव्यापर्यंत तो फरक पुसला गेला. मला त्यातलं फक्त "सुधारलेलं दिसलं" एवढंच ऐकू आलं.

स्मृतीची चाचणीही झाली. अर्धा दिवस बंद खोलीत. एका मिनिटात ‘एफ’वरून किती शब्द सांगता येतात, मग ‘ए’, मग ‘एस’. अहवाल आला, वयाच्या मानाने सरासरी. सरासरी! दिवाळी अंक हातात पडला की उभ्या उभ्या शब्दकोडं सोडवून मगच कथेकडे वळणारा हा माणूस. भेंड्यांमध्ये त्याच्यावर कुणी गाणं ढकललं तर पुढचं अक्षर संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं. मराठीतून त्याचं काय गेलं हे त्या कागदावर कुठे उमटणार होतं? घरी मी त्याला ‘ख’ दिला. खडू, खिडकी, खोली... मग माझ्याकडे बघत राहिला. मी मनगटावरचं घड्याळ झाकलं.

मग आम्ही दुसरीकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, तो माझ्यामागून आला. अडीच तासांवर एक डॉक्टर होते, विमा घेत नसत, पहिल्या भेटीची फी ऐकून मी दोनदा विचारून खात्री केली. दीर्घ मुदतीची अँटिबायोटिक्स लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आमच्या राज्यात २००९च्या कायद्याने संरक्षण आहे, पण हे राज्याच्या हद्दीपलीकडचे. त्या वेटिंग रूममधली माणसं मी विसरणार नाही. काळा चष्मा लावून बसलेली शाळामास्तरीण, काठी घेतलेला विशीतला मुलगा, प्रत्येकाच्या मांडीवर जाडजूड फाइल. कुणीतरी प्रथमच त्यांना "तुम्हांला त्रास होतो आहे" असं म्हटलं होतं आणि ते ऐकायला ती माणसं पैसे देत होती. मी त्यांना हसणार नाही. त्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. आधीच्या कुणी तेवढं ऐकलं नव्हतं. परत येताना गाडीत पूरक गोळ्यांची पिशवी होती, गुडघ्याएवढी, आणि तीन महिन्यांच्या नव्या औषधाचं पान. नवऱ्याने टोल नाक्याच्या आधी एकदा विचारलं, "घ्यायचंच का?" मी म्हटलं, "अर्धवट सोडायचं का मग?"

दुसऱ्या नळीच्या सातव्या आठवड्यात, सलाइन आत गेल्यावर वीस मिनिटांनी त्याला थंडी भरली. दात इतके वाजत होते की त्याला "बस" एवढंही म्हणता येईना. ताप १०४. नळीतून जंतू रक्तात गेले होते. आमच्या डायनिंग टेबलवरून, माझ्याच हातून गेले का, पंधरा सेकंदांऐवजी कधी दहाच सेकंद पुसलं का, हे कळायला मार्ग नाही, आणि तसं कुणी म्हटलंही नाही. नऊ दिवस हॉस्पिटल. सोडताना तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने मला बाजूला घेऊन सांगितलं की असल्या नळ्यांच्या संसर्गाने लाईमचे रुग्ण दगावल्याची नोंद आहे. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी ती पिशवी गॅरेजमध्ये ठेवली. फेकवली नाही. अजून तिथे आहे, बर्फ काढायच्या फावड्यामागे.

त्यानंतर औषध असं काही राहिलं नाही. चालणं, झोप, बी-१२ आणि आठवड्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट. विमा वीस भेटींचे पैसे देई, पुढचे आमचे. त्या बाईंनी त्याला विचारलं, आकडे मनात कुठल्या भाषेत मोजता? मराठीत, तो म्हणाला. मग गृहपाठ मराठीत करा, म्हणाल्या, मला कळायची गरज नाही. आणि मला वेगळं बोलावून सांगितलं: तो अडकला की शब्द पुरवायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. त्याची वाट त्याला चालू द्यायची, ती चालून चालूनच पडते. हे ऐकायला किती सोपं आहे! कुणी उंबऱ्याला अडखळलं तर आपला हात आपोआप पुढे जातो की नाही? मी चारपर्यंत पोचते. फार तर पाच.

तो पुष्कळ सुधारला आहे. कामावर जातो, आधीपेक्षा खालच्या पदावर. रात्री झोपतो. पाल्याला हात लावत नाही, मागच्या अंगणात दगडी भिंतीच्या अलीकडे लाकडाच्या ढलप्यांचा तीन फुटी पट्टा टाकून घेतला आहे, त्यापलीकडे जायचं नाही असा घरचा नियम. लोक विचारतात, "आता पूर्ण बरा ना?" मी "हो" म्हणते आणि तो माझ्याकडे बघतो.

त्या दिवशी तो जिन्यावरून खाली आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी उरलेले अनारसे तळून डब्यात भरले होते. खसखशीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. डबा उघडून एक घेतला आणि म्हणाला, "गूळ जास्त झालाय."

यंदा गूळ मोजून घातला. परवा पुन्हा ओट्याशी दोघं. पहिला अनारसा तुपात सोडला, जाळी धरली, कडा तांबूस व्हायला लागल्या. मी पळीने वर तूप उडवत होते. तो म्हणाला, "काढ आता, ते घे ना, ते..." आणि भिंतीवरच्या झाऱ्याकडे बघत थांबला. बोटं घासायला लागली. "सांगू नकोस." एक. दोन. खिडकीतून गार वारा आत येत होता. चार. पाच. माझी जीभ टाळूला चिकटवून ठेवली होती. सहा. कडा तपकिरी झाल्या. सात. आठ.

"अगं, करपतोय ना!" असं म्हणत त्याने झारा स्वतःच ओढला आणि अनारसा उचलून चाळणीत टाकला. शब्द काही आला नव्हता. आम्ही दोघं त्या काळपट अनारशाकडे बघत होतो आणि आधी तो हसला की मी, ते आता आठवत नाही.